रक्ताची चाचणी झाली, जमिनीची केव्हा?

जुलै 2025 मध्ये एक बातमी आली आणि चार दिवसांत विसरली गेली. मेरठ छावणीतील रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त अश्वविभाग म्हणून मान्यता दिली. अश्वसंसर्गी रक्तक्षय, अश्व-इन्फ्लुएंझा, पायरोप्लाझ्मोसिस, ग्लँडर्स आणि सर्रा या पाच व्याधी तिथल्या घोड्यांत नाहीत, यावर आंतरराष्ट्रीय शिक्का बसला. भारतात वाढलेला आणि भारतातच तयार झालेला घोडा परदेशी स्पर्धेत उतरवण्याची वाट त्यामुळे मोकळी होऊ लागली. 2023 च्या हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले तेव्हा स्वार आपले होते, पण सराव युरोपातील मैदानांवर झालेला होता. पुढच्या वेळी तो सराव इथे होऊ शकेल, ही आशा रास्त आहे.

प्रश्न एवढाच की इथे म्हणजे कशावर? घोड्याच्या रक्तात काय नसावे याचे निकष ठरले, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, कागदपत्रे झाली. तोच घोडा रोज पहाटे ज्या जमिनीवर धावणार, तिच्यात काय असावे याविषयी मात्र आपल्याकडे सार्वजनिक चर्चाही नाही. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने विषाणू, लसी आणि निदान या क्षेत्रांत चार दशके जे काम केले, त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण भारतीय अश्वविज्ञान म्हटले की डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शक येतो, वाळूचा नमुना येत नाही. आणि ही उणीव घोड्यांच्या पायांना भोगावी लागते. घोडा लंगडला की पशुवैद्याला बोलावतात, नालबंदाला बोल लावतात, प्रशिक्षकावर संशय घेतात, मोतद्दाराची खरडपट्टी निघते. जमिनीची उलटतपासणी कोणी करत नाही, कारण ती कोणाच्याच खात्यात नाही. तिच्यावर पाण्याचा टँकर फिरवणारा माणूस असतो आणि फळी ओढणारा ट्रॅक्टर असतो. विज्ञान तिथेच संपते.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने जमीन ही धावण्याची पार्श्वभूमी नव्हे. घोड्याचा पाय आणि जमीन मिळून एकच यंत्र बनते, आणि त्या यंत्राचा अर्धा भाग आपण मोजायचा सोडून दिला आहे. शर्यतीच्या घोड्याचे वजन साधारण 500 किलो. चौखूर दौडीत एका पुढच्या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, म्हणजे जवळजवळ 12,000 न्यूटन. खुराची जमिनीला टेकणारी जागा 100 चौरस सेंटिमीटरच्या आसपास. भागाकार केला की वातावरणीय दाबाच्या दहापटीहून अधिक दाब मिळतो, आणि हा सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो. त्यातही पहिले काही सहस्रांश सेकंद निर्णायक असतात, कारण खूर टेकताना जो हादरा बसतो तो तेव्हाच. समजा खूर सेकंदाला 2 मीटर वेगाने खाली येत आहे. तो अर्ध्या सेंटिमीटरमध्ये थांबला तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे चाळीसपट होते. दोन सेंटिमीटरमध्ये थांबला तर दहापट. घोडा तोच, नाल तीच, स्वारही तोच. दीड सेंटिमीटर वाळूने हादऱ्याचा चौथा हिस्सा उरवला. अकरावीच्या विद्यार्थ्याला सुटणारे हे गणित आहे.

यावर कोणी म्हणेल की हाड काही काचेचे नसते, एका हादऱ्याने ते तुटत नाही. अगदी बरोबर, आणि म्हणूनच प्रश्न गंभीर आहे. दौडीतील एक झेप साधारण साडेसहा मीटरांची. 1600 मीटरच्या एका सरावात प्रत्येक पाय सुमारे 250 वेळा हा भार उचलतो. असे 100 सराव झाले की 25,000 वेळा. पूल, विमानाचे पंख आणि रेल्वेचे आस ज्या कारणाने निकामी होतात, त्याच कारणाने नळीचे हाड निकामी होते. या प्रक्रियेला थकवा म्हणतात. थकव्याच्या नियमात भार आणि आयुष्य यांचे नाते सरळ नसते; आयुष्य भाराच्या मोठ्या घातांकाने घटते. घातांक 7 धरला, आणि हाडांवरील प्रयोगांत त्याहून मोठेही आढळतात, तर भार दहा टक्क्यांनी कमी होताच हाड दुपटीहून अधिक फेरे सोसते. जमिनीतला जो फरक डोळ्याला दिसत नाही, स्वाराला जेमतेम जाणवतो, तो हाडाच्या हिशेबात दुपटीचा असू शकतो. ‘जमीन ठीक वाटते’ हे वाक्य या हिशेबापुढे टिकत नाही.

मग जमीन मऊ करावी, एवढ्यावर प्रश्न मिटला असता तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. कडक जमीन वाईट आणि मऊ जमीन चांगली, ही समजूत अश्वप्रेमींच्या वर्तुळात जवळजवळ श्रद्धेसारखी पसरली आहे, आणि तिने कडक जमिनीइतकेच नुकसान केले असण्याचा संभव आहे. घोड्याच्या पुढच्या पायामागून जी वरवरची आकुंचक कंडरा खाली उतरते, ती स्प्रिंगसारखी काम करते. भरधाव वेगात ती आपल्या लांबीच्या दहा टक्क्यांहून अधिक ताणली जाते, म्हणजे तुटण्याच्या मर्यादेपासून फार दूर नसते. ताणण्या-आखडण्यात वाया गेलेली ऊर्जा उष्णतेत जाते. दौडणाऱ्या घोड्यांत तिच्या गाभ्याचे तापमान 45 अंश सेल्सिअसपर्यंत मोजले गेले आहे. खोल, कोरड्या वाळूत खूर रुततो, ढकलताना वाळू मागे सरकते, प्रत्येक झेपेला अधिक काम करावे लागते, स्नायू लवकर थकतात आणि थकलेल्या स्नायूंनी सोडून दिलेला भार कंडरेला उचलावा लागतो. कडक जमीन हाडाकडून वसुली करते, अतिमऊ जमीन कंडरेकडून. कंडरेची दुखापत तर भरून येताना व्रणाची ऊती मागे ठेवते आणि पुन्हा उलटते. ज्याने केवळ वाळू वाढवली, त्याने दुखणे एका जागेवरून दुसरीकडे हलवले.

आणि वाळू म्हणजे तरी काय? समुद्रकिनाऱ्यावर गेलेल्या प्रत्येकाने हा प्रयोग नकळत केलेला असतो. वरची कोरडी वाळू पायाखालून निसटते. भरतीच्या रेषेजवळची ओली वाळू टणक लागते. पाण्याच्या आत गेले की पुन्हा पाय रुततात. वाळू एकच, पण तिच्या कणांमधल्या पाण्याने तिचे तीन निरनिराळे पदार्थ केले. थोडे पाणी कणांना पृष्ठताणाने एकमेकांशी बांधते, फार झाले की तो बंध सुटतो. ओल्या वाळूवर पाय देताच पावलाभोवतीची जागा क्षणभर कोरडी का दिसते, याचे उत्तर ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने 1885 मध्ये दिले: घट्ट रचलेले कण दाबले गेले की एकमेकांवर चढतात, मधली पोकळी वाढते आणि पाणी आत ओढले जाते. हा गुणधर्म खुराखाली सेकंदाच्या दहाव्या भागात घडतो की नाही, हे वाळूच्या कणांच्या आकारावर, चिखलाच्या प्रमाणावर आणि आदल्या रात्रीच्या पावसावर अवलंबून असते. पुण्याचा शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात असतो, मुंबईचा हिवाळ्यात. एकच घोडा वर्षभरात या हंगामांतून फिरू शकतो. त्याच्या रक्ताचा अहवाल सोबत प्रवास करतो. प्रत्येक ठिकाणच्या वाळूतील पाण्याची टक्केवारी मात्र त्याच्या कुठल्याच कागदावर नसते.

भारतीय शर्यतींची एक खास अडचण याहूनही मोठी आहे आणि तिच्याविषयी फारच कमी बोलले जाते. आपल्या प्रमुख रेसकोर्सांवर शर्यती गवतावर होतात, पण रोजचा सराव बहुतांशी वाळूवर. मुंबई, बंगळूर, चेन्नईच्या इंग्रजी दैनिकांत पहाटेच्या सरावाच्या वेळा छापून येतात: आतली वाळू, बाहेरची वाळू, 600 मीटरला इतके सेकंद, 1000 मीटरला इतके. सेकंद दशांशापर्यंत, वाळूबद्दल सहसा अवाक्षर नाही. आता जीवशास्त्र काय सांगते ते पाहावे. हाड पडणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवते, हे यूलिउस वोल्फने 1892 मध्ये मांडले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डेव्हिड नुनामेकर यांनी दोन वर्षांच्या घोड्यांच्या नळीच्या हाडावर अनेक वर्षे काम केले. अमेरिकेत सरावातील कोवळ्या घोड्यांपैकी फार मोठ्या संख्येला त्या हाडाची पुढची बाजू सुजून दुखण्याचा त्रास होतो. नुनामेकर आणि त्यांचे सहकारी यांना दिसले की संथ गतीच्या लांबलचक दौडी वाढवल्या की हा त्रास वाढतो, आणि थोड्या अंतराच्या वेगवान दौडी मोजून-मापून दिल्या की तो घटतो. हाडाला शर्यतीत जसा भार येणार, तसाच भार थोडा-थोडा आधी यावा लागतो. तरच ते योग्य दिशेने जाड होते.

याचा सरळ अर्थ असा की सराव वाळूवर आणि परीक्षा गवतावर असेल, तर त्या दोहोंतील अंतर किती, हे आकड्यात ठाऊक असलेच पाहिजे. अंतर थोडे असेल तर वाळू उत्तम शिक्षक ठरेल. फार असेल तर हाड एका अभ्यासक्रमाची तयारी करून दुसऱ्याच विषयाच्या परीक्षेला बसते. पशुवैद्य, प्रशिक्षक, मालक यांपैकी कोणीही कितीही अनुभवी असला तरी हे अंतर नुसत्या टाचेने माती उकरून कळणार नाही.

जगाने हे मोजायला सुरुवात केली त्याला बराच काळ झाला. एत्येन-ज्यूल मारे याने एकोणिसाव्या शतकातच घोड्याच्या खुराखाली हवेचा फुगा बसवून टेकण्याचे क्षण कागदावर उमटवले होते. फ्रान्समध्ये आल्फोरच्या पशुवैद्यक विद्यालयात नालेतच बलमापक बसवून निरनिराळ्या जमिनींची तुलना झाली. अमेरिकेत मिक पीटरसन या अभियंत्याने पुढच्या पायाच्या कोनात आणि वेगात कृत्रिम खूर जमिनीवर आदळवणारे यंत्र बनवले. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जमिनीचे गुणधर्म वेगवेगळे करून दाखवले: आघाताचा टणकपणा, भार झेलण्याची क्षमता, ऊर्जा परत देण्याचा गुण, पकड आणि एकसारखेपणा. मऊ-कडक या दोन शब्दांत कोंबलेली ही पाच निरनिराळी मापे आहेत.

यांतले शेवटचे माप सर्वांत दुर्लक्षित आणि बहुधा सर्वांत घातक. घोडा टणक जमिनीशी काही अंशी जुळवून घेतो, मऊ जमिनीशीही घेतो. तिसऱ्या झेपेला टणक आणि चौथीला मऊ लागणाऱ्या जमिनीशी जुळवून घ्यायला त्याच्याकडे वेळच नसतो. सरावाच्या पट्टीवर वरची मोकळी वाळू आणि खालचा दाबलेला थर अशी रचना असते. सगळे घोडे कठड्याजवळून धावतात, पाणीही उतारामुळे तिकडेच वाहते, खालच्या थरात खळगे पडतात. फळी फिरवली की वरून सारे सपाट, नेत्रसुखद. ट्रॅक्टरने दोष दुरुस्त केला नाही, झाकला.

आता आयातीच्या वकिलांकडे वळू. परदेशी कृत्रिम धावपट्टी आणा, प्रश्न संपेल, असे म्हणणारे सुशिक्षित लोक आहेत. त्यांनी कॅलिफोर्नियाचा इतिहास वाचावा. तिथल्या नियामक मंडळाने 2006 मध्ये प्रमुख रेसकोर्सांना कृत्रिम धावपट्टी सक्तीची केली. सांता अनिताच्या पट्टीतून पाण्याचा निचरा होईना. पदार्थ बदलून पाहिला. 2010 मध्ये पुन्हा माती आली. डेल मारनेही पुढे मातीच पत्करली. मेणाचा लेप दिलेली वाळू तापमानानुसार बदलते, सकाळच्या सरावाची आणि दुपारच्या शर्यतीची पट्टी एकसारखी राहत नाही, हे तिथेच ध्यानात आले. कृत्रिम पट्ट्यांवर प्राणघातक दुखापती कमी झाल्याचे आकडे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जिथे एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार आणि जुलैत मुसळधार, तिथे न मोजता ते मेण अंथरणे म्हणजे एक अज्ञान काढून त्याहून महागडे अज्ञान बसवणे.

त्याच सांता अनितावर 26 डिसेंबर 2018 ते जून 2019 या हंगामात 30 घोडे दगावले. मुसळधार पाऊस झाला होता, संशय धावपट्टीवर होता. भूभेदी रडारने थर तपासले गेले. पट्टीत ठळक दोष सापडला नाही, मृत्यूही लगेच थांबले नाहीत, आणि म्हणूनच तपास आधीच्या दुखापती, औषधांचा वापर आणि सरावाचा ताण यांच्याकडे वळला. मोजमापाचे टीकाकार हे उदाहरण आपल्या बाजूने देतात. ते खरे तर उलट बाजूचे आहे. जमीन मोजलेली होती म्हणूनच तिला बाजूला ठेवून इतर कारणांचा शोध घेता आला. न मोजलेली जमीन कायम संशयित राहते आणि खरे गुन्हेगार तिच्या आड लपतात. अमेरिकेच्या अश्वदुखापत नोंदवहीनुसार 2009 मध्ये दर 1000 धावांमागे 2.00 घोडे प्राणास मुकत. त्यानंतर हे प्रमाण बरेच खाली आले. श्रेय एकट्या धावपट्टीचे नाही. पण घसरण झाली हे सांगता येते ते नोंदवही आहे म्हणून. भारतीय विद्यार्थ्याला आपल्या देशाचा असा आकडा एका जागी, सर्वांना खुला असा सापडत नाही.

पूर्वजांचा दाखला देणारेही असतातच. मारवाडी घोडा खडकावर धावला, भीमथडीची तट्टे दख्खनच्या मुरुमावर दौडली, तेव्हा कुठे होती तुमची यंत्रे? ती तट्टे लहान चणीची आणि हलकी होती, शर्यतीच्या वेगाने नव्हे तर मजल दरमजल चालत, आणि दोन वर्षांच्या वयात कोणी त्यांच्याकडून 1000 मीटरचा उच्चांक मागत नव्हते. शिवाय पोवाड्यात अमर होतो तो पोहोचलेला घोडा. वाटेत पाय मोडून पडलेल्याची नोंद कोणी ठेवली नाही.

घसरण हा वेगळा विषय, पण त्याची हेळसांड तीच. माथेरानच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाहीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यावर घोडे घसरतात अशी घोडेवाल्यांची तक्रार होती. मातीची धूप, पर्यटन, ई-रिक्षा, रोजगार या सगळ्यांवर हिरिरीने बोलले गेले. ओल्या ब्लॉकवर लोखंडी नालेचा घर्षणगुणांक किती, हा प्रश्न त्या वादाच्या बातम्यांत क्वचितच दिसला. तो न्यायाधीशांनी विचारावा अशी अपेक्षा नाही. विज्ञानाच्या लोकांनी तो आधीच मोजून ठेवलेला असायला हवा होता.

खर्चाची सबब तर सर्वांत तकलादू आहे. या देशात राज्यरस्त्याचा एक किलोमीटर बांधायचा तरी मातीची घनता, आर्द्रता आणि भारक्षमता तपासतात. ट्रकच्या चाकाला जो मान मिळतो, तो खुराला का नाही? क्रिकेटच्या खेळपट्टीवर तर सामन्याआधी माजी खेळाडू किल्ली खुपसून राष्ट्राला निरूपण करतात. शर्यतीच्या बाबतीत कायदाही जमिनीच्या बाजूने उभा आहे, असे म्हणता येईल. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, आणि त्यात घोड्याच्या प्रशिक्षणाला महत्त्वाचे स्थान दिले. ज्या प्रशिक्षणावर या खेळाची कायदेशीर प्रतिष्ठा उभी आहे, ते कोणत्या जमिनीवर झाले, ही माहिती खासगी कशी असू शकते? सरावाच्या प्रत्येक पट्टीची रोजची आर्द्रता, थराची जाडी आणि टणकपणा त्या सेकंदांशेजारी छापला जावा, आणि प्रत्येक दुखापतीची नोंद त्याच तारखेसमोर, घोड्याच्या वयासह आणि त्याच्या आधीच्या विश्रांतीच्या दिवसांसह व्हावी. रेसकोर्सांनी, लष्कराच्या आणि पोलिसांच्या अश्वदलांनी, स्वारी शिकवणाऱ्या संस्थांनीही. मेरठच्या मान्यतेनंतर सुरुवात तिथूनच व्हायला हवी, कारण शिस्तीने नोंद ठेवण्याची सवय तिथे आहे.

यासाठी परदेशी यंत्राची वाट पाहण्याचेही कारण नाही. बेडन क्लेग याने ऑस्ट्रेलियात रस्त्यांसाठी बनवलेला हातोडा म्हणजे त्वरणमापक बसवलेले एक वजन, ठरलेल्या उंचीवरून नळीतून सोडायचे. खऱ्या खुराचा वेग आणि भार त्यात येत नाही, त्यामुळे दोन वेगळ्या प्रकारच्या जमिनींची तुलना त्यावरून करू नये; पण एकाच पट्टीवर कालचा आणि आजचा, कठड्याजवळचा आणि मधला फरक तो दाखवतो. असा हातोडा कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत बनेल. आर्द्रतेसाठी तर तेवढेही नको. पट्टीवर ठरावीक अंतराने, दोन खोलींवरून वाळू डबीत घ्यायची, वजन करायचे, 105 ते 110 अंशांच्या भट्टीत चोवीस तास ठेवायची, पुन्हा वजन करायचे आणि फरकाला कोरड्या वजनाने भागायचे. स्थापत्यशाखेचा विद्यार्थी हे मृदायांत्रिकीच्या पहिल्याच काही प्रात्यक्षिकांत शिकतो. डब्यांवर तारीख, वेळ आणि कठड्यापासूनचे अंतर लिहायला विसरू नये.